बालाघाटचे मोर, मालवणचे प्रवाळ

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघावे, तर बालाघाटच्या उघड्या टेकड्या, बोरी-बाभळींची खुरटी झाडी आणि ज्वारीची शेते एवढेच दृष्टीस पडते. याच माळावर नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते घोषित झाले; क्षेत्र २९.८९ चौरस किलोमीटर. मृगाच्या पहिल्या सरींनंतर पहाटे येथे केका घुमू लागतात. ऋतू सरताना मोर आपली पिसे आपणच टाकतो, आणि मुनींच्या पिच्छीला अशीच गळालेली पिसे चालतात, हे वाचकांना सांगावयास नकोच.

योगायोग असा, की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या सागरी अभयारण्याचे क्षेत्रही जवळजवळ तेवढेच आहे: २९.१२ चौरस किलोमीटर. १३ एप्रिल १९८७ रोजी ते जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचे सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभा. उरलेला भोवतालचा पट्टा. बीडच्या कुटुंबांनी किल्ला पाहिलेला असतो, पण आपली होडी अभयारण्यातून चालली आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात त्यांचा दोष तो काय? नायगावची हद्द दगड रोवून दाखविता येते. पाण्यावर रेघ कोण ओढणार?

किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. सराफी पेढीवरचे तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. मालवणचे प्रवाळ त्याचे दूरचे आप्त. ते दगड नव्हेत, सजीव आहेत, आणि २००१ पासून प्रवाळखडक घडविणाऱ्या जातींना वाघाच्या तोडीचे कायदेशीर संरक्षण आहे. तरीही पर्यटकांच्या होडीचा एक नांगर किंवा पाणबुडीच्या हौसेने आलेल्याचे एक पाऊल त्यांना पुरेसे होते.

गाभा राखण्यामागील हिशेब व्यापारी माणसास चटकन उमजावा. मुद्दलास हात लावावयाचा नाही, व्याजावर चालवावयाचे. गाभ्यात मासळी निर्धास्तपणे अंडी घालते, वाढते आणि बाहेरच्या पाण्यात पसरते. हिशेब बिनचूक आहे. परंतु व्याज हाती येईपर्यंत चूल कशी पेटावी, या प्रश्नाचे उत्तर रापण ओढणाऱ्या कुटुंबांना पटेल असे मिळाले नाही. म्हणून अभयारण्याला स्थानिकांचा विरोध वर्षानुवर्षे टिकला. वन्यजीव कायद्यातच १९९१ साली अशी तरतूद झाली, की सागरी क्षेत्र राखताना स्थानिक मच्छीमारांचे व्यावसायिक हित सांभाळावे. तरतूद कागदावर नीट आहे. ती किनाऱ्यावर उतरविणे हेच खरे व्यवस्थापन, आणि ते चौकी-पहाऱ्याने होत नाही. शिवाय लहान होडीवाल्याला नियम सांगावयाचा आणि मोठ्या यांत्रिक नौकेकडे डोळेझाक करावयाची, हा न्याय नव्हे. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, ते योग्यच झाले.

मासेमारी हा विषय आपल्या घरांत रुचणारा नाही. तरी एक योजना जाणून घ्यावी अशी आहे. कासव, देवमासा किंवा बहिरी मोरी यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये घेतला. जाळे हे त्या माणसाचे भांडवल. ते स्वतःच्या हाताने कापून जीव सोडणारा मच्छीमार या किनाऱ्यावर आहे, ही गोष्ट पर्यटनाच्या माहितीपत्रकात सहसा छापली जात नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मालवणला होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि किल्ल्याची फेरीही पावसामुळे थांबते. तेव्हा त्या सुमारास नायगाव करावे. पाटोदा तालुक्यातच सौताड्याचा धबधबाही पाहून होतो. मालवणसाठी दिवाळीनंतरचे दिवस बरे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून चालत जावे, खडकावरचे काही उचलू नये, आणि होडी ठरविताना नांगर कोठे टाकणार एवढे नावाड्यास अवश्य विचारावे.