डेथ मार्च आणि हलका धान

‘द विचर ३’मध्ये नवा खेळ सुरू केला की गोष्टीआधी एक प्रश्न येतो: त्रास किती हवा? पर्याय चार. ‘जस्ट द स्टोरी’, ‘स्टोरी अँड सोर्ड’, ‘ब्लड अँड ब्रोकन बोन्स’ आणि ‘डेथ मार्च’. नावं वाचूनच कळतं की बनवणाऱ्यांनी मान कुणाला दिलाय. पहिला पर्याय निवडणारा म्हणजे गोष्ट ऐकत झोपी जाणारं पोर, आणि शेवटचा निवडणारा खरा गडी. हा गेम २०१५ साली आला, आणि आमच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कोण कुठल्या पर्यायावर खेळतो यावरून माणसाची किंमत ठरायची. मी ‘डेथ मार्च’वाल्यांपैकी. आजही त्याचा थोडा अभिमान आहेच, खोटं कशाला बोलू.

पण आता सहा-सात वर्षं सॉफ्टवेअर लिहून झाल्यावर त्या पर्यायांच्या मागे काय असतं तेही दिसतं. ‘स्कायरिम’चं उदाहरण घ्या. ‘अडेप्ट’ या मधल्या पातळीवर तुमचा घाव जेवढ्यास तेवढा लागतो. ‘लेजंडरी’ या सगळ्यात अवघड पातळीवर तुमच्या तलवारीचा घाव पाव होतो आणि शत्रूचा घाव तिप्पट. शत्रू काही हुशार होत नाही, नवे डाव शिकत नाही. कुठल्यातरी फाइलमधले दोन आकडे बदलतात, बस्स. म्हणजे आपण ज्याला ‘अवघड’ म्हणतो, ते बहुतेक वेळा एवढंच असतं: एक चूक केवढ्याला पडेल?

आणि ‘बिल्ड’ म्हणजे आपण कुठल्या प्रकारच्या चुका परवडवून घ्यायच्या, हे आधीच ठरवणं. सगळे पॉइंट ताकदीत टाकले तर एका घावात काम होतं, पण हात संथ चालतो. जादूत टाकले तर लांबून मारता येतं, पण कुणी जवळ आलं की संपलं. सगळीकडे थोडे थोडे टाकले तर कशातच दम राहत नाही.

२०२२ सालच्या ‘एल्डन रिंग’मध्ये तर अवघडपणाचा मेन्यूच नाही. सगळ्यांना एकच खेळ. यावरून इंटरनेटवर भरपूर भांडणं झाली. पण थोडं खेळलं की लक्षात येतं, मेन्यू आहे, फक्त तो बिल्डमध्ये लपवलाय. ‘रेच’ निवडला तर लेव्हल एक, सगळे गुण दहा-दहा, अंगावर कपडे नाहीत आणि हातात एक सोटा. ‘अ‍ॅस्ट्रॉलॉजर’ निवडला तर पहिल्या मिनिटापासून लांबून जादू मारता येते. पुढे ‘मिमिक टिअर’ मिळवला की तुमचीच एक प्रतिकृती तुमच्या शेजारी उभी राहून लढते. तरी हे वापरणाऱ्याला टोमणे बसतातच. जादू वापरली? मदतीला बोलावलं? मग जिंकलास असं म्हणू नकोस. ‘गिट गुड’ हा त्या जगातला ठरलेला आशीर्वाद आहे.

हे टोमणे मला हल्ली वेगळ्याच ठिकाणी ऐकू येतात. आमच्या घरी.

आमचं घर भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, आंबागडच्या डोंगराच्या पायथ्याशी. हा धानाचा मुलूख. ज्यांनी धानशेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे शेत सपाट पसरलेलं नसतं, उताराने पायऱ्या-पायऱ्यांच्या बांध्या असतात. पाऊस थांबला की वरच्या बांधीचं पाणी आधी आटतं. खालची बांधी, बोडीजवळची, शेवटपर्यंत ओली राहते. म्हणून वर हलका धान लावायचा, तो साधारण चार महिन्यांत हाती येतो. खाली भारी धान, त्याला आणखी महिनाभर तरी लागतो, पाणीही तेवढे दिवस लागतं, पण उतारा चांगला. हा निर्णय पऱ्हे टाकतानाच घ्यावा लागतो, पाऊस कसा पडेल हे कळायच्या आधी. एकदा रोवणी झाली की त्या हंगामापुरता तुमचा बिल्ड पक्का.

बाबांना मी एकदा विचारलं होतं, सगळीकडे भारी का नाही लावत? जास्त पिकतो ना?

“पाणी का मले इचारून पडते? बांधी पाहून धान लावाचा, आपली हिंमत पाहून नाही.”

यापेक्षा चांगलं बिल्ड गाइड मी वाचलेलं नाही. आणि ही अक्कल एकट्या बाबांची नाही. भंडारा-गोंदियात जे जुने मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो, त्यातले कितीतरी गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले. ऑक्टोबरात पाऊस दगा देतो हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी पावसाशी मर्दानगी दाखवली नाही, पाणी अडवलं. गेमिंगच्या भाषेत हा चक्क ‘चीज’ आहे, बॉसला खांबाआड अडकवून लांबून मारण्यासारखा. त्यावर शेकडो वर्षं लोकांनी धान खाल्ला.

तर या वर्षी बाबांनी ठरवलंय की खालच्या चार बांध्या ठेक्यानं द्यायच्या. वरच्या तीन स्वतः करायच्या, सगळा हलका धान. उन्हाळी धान बंद. वय एकसष्ट, गुडघे गेलेले, रात्री पाणी फोडायला धुऱ्यावरून चालताना दोनदा पडलेत. हिशेब सरळ आहे. पण पानठेल्यावर लगेच सुरू झालं: थकला, पोरगा पुण्याले गेला तं यानं हिंमत सोडली. आईलाही ते लागलं. तिचा फोन आला, “तू समजाव न त्याइले. तुयं ऐकतेत. खालची बांधी देल्ली तं घरचा भारी धान कुठून येईन?”

तिचं म्हणणं नुसत्या तांदळाचं नाही, हे मला कळतं. त्या खालच्या बांध्यांवर माझी फी निघाली. शेतात मुख्य जे काही होतं, ते तिथे होतं. बाबांनी ते सोडणं म्हणजे तिला बाबांनीच थोडं निघून जाण्यासारखं वाटतं.

मी दोन आठवडे विचार करतोय. आणि पुन्हा पुन्हा एका गोष्टीशी येऊन थांबतोय: ‘डेथ मार्च’ला मान आहे, कारण तो निवडलेला असतो. मी हरलो की पडदा काळा व्हायचा आणि मी शेवटच्या सेव्हवर परत. फार कंटाळा आला तर मेन्यूत जाऊन पातळी उतरवायची सोय, कुणाला कळणारही नाही. बिल्ड बदलायची सोयही आता बहुतेक खेळांत असते. २००० साली ‘डायाब्लो २’ आला तेव्हा एकदा टाकलेला पॉइंट परत मिळत नसे, ती सोय द्यायला त्यांना २०१० उजाडलं. ‘एल्डन रिंग’मध्ये रेनालाकडे जाऊन ‘लार्वल टिअर’ दिला की सगळे गुण नव्याने वाटता येतात. ‘हेडीज’ तर त्याहून पुढे गेला. त्यातला ‘गॉड मोड’ चालू केला की आधी २० टक्के मार कमी लागतो आणि प्रत्येक मरणाला आणखी दोन टक्के कमी, ८० टक्क्यांपर्यंत. तुम्ही पडताय हे खेळाला दिसतं आणि तो हात देतो.

ज्याने अवघडपणा निवडलाच नाही, त्याचं काय? आमच्या डोक्यावरचा आंबागड किल्ला १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या अमलात राजा खान पठाणाने बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तो कैदखाना म्हणून वापरला. आतल्या विहिरीचं सडकं पाणी पाजून कैदी मारत, असं सांगतात. आज तिथे ट्रेकिंगला येणारी पोरं दम लागला की फोटो टाकतात, ‘टफ क्लाइंब’ लिहून. चढ तोच, दगड तेच. कैद्याचा किल्ला आणि ट्रेकरचा किल्ला यांत फरक फक्त परत उतरता येण्याचा आहे.

बाबा चाळीस वर्षं अशा पातळीवर खेळले जी त्यांनी निवडली नव्हती, आणि तिथे सेव्ह नव्हतं. आता पहिल्यांदा मेन्यू त्यांच्या हातात आलाय, तोही माझ्या पगाराचा थोडा टेकू आहे म्हणून. त्यांनी पातळी एक घर खाली आणली तर तिला हार म्हणायचा हक्क पानठेल्याला नाही, आणि होस्टेलवर उशा टेकून ‘डेथ मार्च’ खेळलेल्या मला तर अजिबातच नाही.

काल आईला फोन करून सांगितलं की मी बाबांना समजावणार नाही. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग दिवाळीले येशीन तं हलक्या धानाचेच तांदूळ नेशीन.”

“नेईन,” म्हटलं.