मुक्कामी गाडी

गेल्या सात वर्षांत आमच्या पुण्यातल्या घरात अकरा कुत्री राहून गेली. त्यातलं एकही आमचं नव्हतं. सगळ्यांत कमी राहिलं ते पिल्लू चार दिवस होतं आणि सगळ्यांत जास्त राहिली ती मिरी, जवळजवळ चार महिने. कुणी विचारलं की मी सांगते, "आम्ही फॉस्टर करतो." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे काय?"

म्हणजे असं की रस्त्यावरचं एखादं कुत्रं आजारी किंवा जखमी होतं, किंवा एखादं पिल्लू आईविना सापडतं. त्याला उचलणारी माणसं असतात, उपचार करणारे डॉक्टर असतात; पण बरं होईपर्यंत राहायला जागा नसते. निवाऱ्यात गर्दी असते आणि गर्दीत रोग पसरतात. पार्व्होचा विषाणू तर जमिनीत कित्येक महिने तग धरून राहतो. पायावर टाके असलेलं कुत्रं तिथे ठेवायचं म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं लावून घ्यायचं. म्हणून कुणीतरी आपल्या घरातला एक कोपरा देतं. कुत्रं बरं होतं, माणसांच्या घरात राहायला शिकतं, त्याला कायमचं घर मिळतं आणि ते जातं. कोपरा पुन्हा रिकामा होतो. खाणं आणि वेळ आपला, औषधाचा खर्च बहुतेकदा संस्थेचा.

'फॉस्टर'ला मराठीत मला बरेच दिवस शब्द सापडत नव्हता. 'पालक' म्हटलं की मालकी आल्यासारखी वाटते. 'सांभाळ' चालला असता, पण त्यात जाणं नाही, आणि या कामात जाणंच महत्त्वाचं. शब्द अखेर अण्णांनी दिला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर, मागच्या जूनमध्ये, मी त्यांना कराडहून इकडे आणलं. त्याआधीची दहा कुत्री त्यांनी फक्त फोनवर ऐकली होती. त्यांना कुत्र्यांची भीती वाटते, आणि ती उगाच नाही. नऊ वर्षांचे असताना त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तेव्हा रेबीजची जी लस मिळे ती कसौलीला 1911 मध्ये सेम्पल नावाच्या डॉक्टरने तयार केलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. अण्णांच्या आईने त्यांना चौदा दिवस जिल्ह्याच्या गावी नातेवाइकांकडे ठेवलं होतं. ही लस आपल्याकडे 2004 च्या अखेरीपर्यंत बनत होती. आता दंडात चार-पाच इंजेक्शनांत काम भागतं. पण अण्णांच्या पिढीला 'कुत्रं चावलं' म्हटलं की हात अजून पोटाकडे जातो.

त्यामुळे घटस्थापनेच्या आठवड्यात संस्थेतल्या मुलीचा फोन आला तेव्हा मी आधी अण्णांना विचारलं. म्हटलं, एक कुत्री आहे, दोनेक वर्षांची, काळी. दीड-दोन महिने राहील. मग जाईल.

"कुठली?" त्यांनी विचारलं.

"एका एसटी स्टँडवरची. कँटीनपाशी असायची."

अण्णा जरा थांबले. "स्टँडवरची होय," म्हणाले. मग, "म्हणजे मुक्कामी गाडी."

ज्यांनी खेड्यात दिवस काढलेत त्यांना मुक्कामी गाडी सांगायला नको. संध्याकाळी शेवटची एसटी गावात येते, रात्रभर पारापाशी उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे ती पहिली गाडी म्हणून निघते. गाव तिला 'आपली गाडी' म्हणतं. कंडक्टरला कुणी भाकरी देतं, कुणी पाणी तापवून देतं. पण सकाळी गाडी गेलीच पाहिजे. ती गेली नाही तर गावाचीच पंचाईत.

मिरीला टीव्हीटी होता, म्हणजे जननेंद्रियाची सांसर्गिक गाठ. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा कर्करोग बराच आढळतो. हा विलक्षण रोग आहे. इथे विषाणू पसरत नाही, कर्करोगाच्या जिवंत पेशीच समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या शरीरात सुरू झालेली ही गाठ आज जगभरातल्या कुत्र्यांत जिवंत आहे. ते कुत्रं कधीच मेलं, त्याच्या पेशी अजून फिरताहेत.

इतका जुना रोग, आणि उपचार मात्र सोपा म्हणावा असा. व्हिन्क्रिस्टिन नावाच्या औषधाचं आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध सदाफुलीपासून मिळतं. होय, आपल्या गॅलरीतल्या कुंडीत कुणी न लावता उगवते तीच. पण ते शिरेतूनच द्यावं लागतं, शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून दर वेळी आधी रक्त तपासायचं. इंजेक्शननंतरचे काही दिवस शी-शू उचलताना हातमोजे घालायचे. सहा आठवडे दर शनिवारी स्टँडवर जाऊन तीच कुत्री शोधून, पकडून हे करणं कुणालाच शक्य नसतं. म्हणून कोपरा लागतो.

रस्त्यावरची मोठी कुत्री घरात आली की खूश होईल असं लोकांना वाटतं. मिरी पहिले दोन दिवस दारातल्या पायपुसण्यावरून हललीच नाही. तिला माणसं ठाऊक होती, घर ठाऊक नव्हतं. गुळगुळीत फरशी म्हणजे पायाखालून सरकणारी जमीन. डोक्यावर गरगरणारा पंखा. भिंतीमागे अचानक ओरडणारा कुकर. स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी अमेरिकेत पिल्लांवर वर्षानुवर्षं अभ्यास करून 1965 मध्ये एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यातली एक गोष्ट आम्हां फॉस्टर करणाऱ्यांना रोज दिसते : पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ज्या गोष्टी बघतं त्या त्याला जन्मभर साध्या वाटतात; नंतर भेटलेली प्रत्येक नवी गोष्ट आधी संशयित ठरते. मिरीचे ते आठवडे गाड्यांच्या चाकांमध्ये गेले होते. हॉर्नने तिचा कान हलत नसे, पण मिक्सर लावला की ती थरथरायची.

मी दारापासून गॅलरीपर्यंत सतरंज्या अंथरल्या. त्या वाटेवरून ती चालू लागली. मग रोज एक सतरंजी थोडी सरकवायची, मध्ये फरशीचा एक पट्टा उघडा ठेवायचा. तीन आठवड्यांनी सतरंज्या कपाटात गेल्या. या कामात कौतुक करण्यासारखं काही नसतं. फक्त घाई करायची नसते.

अण्णा या काळात खुर्चीवर पाय वर घेऊन बसत. तिला नावाने हाक मारत नसत, 'ती' म्हणत. "ती जेवली का?" "ती अशी का बघतेय?" मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मिरी न्हाणीघरात शिरली आणि बादलीमागे दडून बसली. मी पूजेत होते, नवरा पाहुण्यांत. तासाभराने पाहिलं तर अण्णा न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसले होते, हातात दिवाळी अंक. मोठ्याने वाचत होते. मध्येच बाहेर सुतळी बॉम्ब फुटला की थांबायचे, "काही नाही, काही नाही" म्हणायचे आणि पुढची ओळ. साडेअकरापर्यंत त्यांनी एक अख्खी कथा तिला वाचून दाखवली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सहावं इंजेक्शन झालं. गाठ गेली. आता नियमाप्रमाणे काय व्हायला हवं होतं ते सांगते. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण करून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडतात. मिरीही कँटीनपाशी जाणार होती, तिथला एक चहावाला तिची चौकशी करत होता. पण 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला : शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री हलवावीत, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत. मिरीची जागा एका दिवसात नकाशावरून गेली.

मी चिडले. एवढे निवारे आहेत कुठे, म्हणून अण्णांसमोर बडबडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तीस वर्षं स्टँडवर काढली. रात्री तिथे बायका लहान पोरं घेऊन जमिनीवर झोपतात. त्यांनाही भीती असते." मी गप्प झाले. ज्यांच्या पोटावर चौदा खुणा आहेत त्यांच्याशी या विषयावर वाद घालता येत नाही. त्यांची भीती खरी, मिरीचं बेघर होणं खरं. दोन्ही एकाच घरात, एकाच गॅलरीत ऊन खात बसलेली होती.

महिनाअखेरीला नसबंदी झाली आणि आम्ही घर शोधू लागलो. फोटो फिरवला. फोन आले. "लॅब्रॅडॉर आहे का?" नाही, गावठी आहे. फोन बंद. "फार्महाउसवर राखणीला पाहिजे, साखळीने बांधू." नाही. एका गृहस्थांना मिरी लगेच हवी होती, कारण ती काळी होती. ज्योतिषाने शनीसाठी काळ्या कुत्र्याला रोज पोळी घालायला सांगितलं होतं. मी विचारलं, साडेसाती संपल्यावर? ते म्हणाले, मग बघू. मी त्यांना गल्लीतल्या कुत्र्याला पोळी घालण्याचा सल्ला दिला, पुण्य तेवढंच.

डिसेंबर संपत आला तसं घरात एक वाक्य न बोलता फिरू लागलं. फॉस्टर करणारे सगळेच ते ओळखतात. आमच्यात त्याला थट्टेने 'फॉस्टर फेल' म्हणतात : कुत्रं द्यायचं सोडून स्वतःच ठेवून घ्यायचं. त्यात वाईट काही नाही, कित्येक कुत्र्यांना अशीच घरं मिळाली आहेत. पण आमचं घर लहान आहे. पहिल्याला ठेवलं असतं तर पुढची दहा आलीच नसती. हा हिशेब मी दर वेळी करते आणि दर वेळी तो बरोबर येतो, तरी दर वेळी पुन्हा करावा लागतो.

या वेळी ते वाक्य अण्णांनी उच्चारलं. सकाळी चहा घेताना, पेपरमधून मान वर न काढता. "ठेवू या का?"

मी काही बोलले नाही. मिरी त्यांच्या खुर्चीखाली झोपली होती. त्यांचे पाय आता जमिनीवर असत, एक तिच्या पाठीला टेकलेला.

जरा वेळाने तेच म्हणाले, "ती दोन वर्षांची. अशी कुत्री किती जगतात?"

"बारा-तेरा. चांगलं सांभाळलं तर जास्त."

त्यांनी पेपरची घडी घातली. "मग नको," म्हणाले. "तिला पुढचं सगळं बघणारं कुणीतरी पाहिजे. मी किती पुरणार."

मी म्हणू शकले असते की आम्ही आहोत ना. ते खरंही होतं. पण त्यांनी तो हिशेब माझ्यासाठी मांडलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यांनी तो शांतपणे पूर्ण केला होता. आईनंतर त्यांनी कशाबद्दल 'ठेवू या का' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि लगेच त्यांनीच ते सोडून दिलं. सोडायचं कसं हे मी सात वर्षं शिकतेय असं मला वाटत होतं.

संक्रांतीनंतर घर मिळालं. साताऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचा मुलगा. अंगण, कुंपण, दुपारी घरात माणूस. ते तीन वेळा येऊन भेटले. तिसऱ्या भेटीत मिरी आपणहून त्यांच्या गाडीत चढून बसली. आम्हीही जाऊन घर बघून आलो. फॉर्म भरला, लसीचं कार्ड दिलं. आणि नेहमीप्रमाणे मी एक कागद लिहिला. प्रत्येक कुत्र्याबरोबर देते तसा. काय खाते, किती वाजता, मिक्सरला घाबरते, फरशी ओली असेल तर चालत नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी, एप्रिलमध्ये गोचिडांचं औषध. चौदा मुद्दे झाले. अण्णांना म्हटलं, एकदा वाचून बघा, काही राहिलं का.

त्यांनी चष्मा लावून वाचला, पेन मागितलं आणि खाली वाहतूक नियंत्रकाच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ लिहिली : "15. रात्री दोनच्या सुमारास उठते. बोलू नये. नुसता हात ठेवावा. परत झोपते."

मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या खोलीचं दार रात्री बंद असतं. अण्णा आणि मिरी बाहेरच्या खोलीत झोपत.

आठवड्याने साताऱ्याहून बाईंचा निरोप आला. जेवते, अंगणात फिरते, शेजारच्या मांजरीवर भुंकते. नाव त्यांनी मिरीच ठेवलंय. शेवटी लिहिलं होतं : "पंधरावा मुद्दा अगदी बरोबर. वडलांना सांगा."

मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.