मागची सीट

दहा फूट रुंद, सोळा फूट लांब गॅरेज. त्यात धान्याच्या दोन कोठ्या, नातीची लहानपणची सायकल, आकाशकंदिलांचे सांगाडे, रंगाचे अर्धवट डबे आणि सगळ्यांत मागे सतरंजीखाली १९६८ सालची जावा. पुण्यातल्या त्या घराची मोटार वर्षानुवर्षं रस्त्यावर उभी राहिली, कारण गॅरेजात जावा होती आणि ती भंगारात द्या म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आजोबांनी ती नोकरीत कायम झाल्यावर घेतली होती. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या. तंत्रज्ञान चेकोस्लोव्हाकियाचं, कामगार आपले. पुढे सत्तरच्या दशकात तिचंच नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये बाजारात परत आलं खरं, पण त्या नव्या गाडीचे भाग जुनीला चालत नाहीत. घरातली जावा त्याच्या कितीतरी आधी थांबली होती. आजोबांचे गुडघे दुखू लागले आणि गाडीवर सतरंजी पडली.

सतरंजी काढली मुलाने. मुलगा म्हणजे पन्नाशी उलटलेला, बँकेतला अधिकारी. त्याच्या डोक्यात वेगळंच चित्र होतं. मागचं मडगार्ड कापायचं, एकच बुटकी सीट बसवायची, टाकीला काळा रंग द्यायचा. अशा गाडीला हल्ली ‘कस्टम’ म्हणतात. त्याने ते चित्र कागदावर काढून आजोबांना दाखवलं. आजोबा म्हणाले, “गाडी आता तुझी. तुला हवं ते कर.” आजींनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला आणि एवढंच विचारलं, “मी कुठं बसायचं?”

या प्रश्नाचं उत्तर कोणी लगेच दिलं नाही. आधी गाडी सुटी करायला घेतली.

हे काम बाहेरून वाटतं तितकं पुरुषी नाही. सुटी झालेली मोटरसायकल म्हणजे शेकडो नटबोल्ट, वायसर, स्प्रिंगा. कोणता कुठून निघाला हे लिहून ठेवलं नाही, तर जोडताना कपाळाला हात लावायची पाळी येते. ती शिस्त नातीने लावली. श्रीखंडाचे रिकामे डबे, त्यांवर चिठ्ठ्या आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो. सूनबाईंनी हिशेबाची वही ठेवली. पहिला महिनाभर हा खर्च ‘किरकोळ’मध्ये लिहिला जात होता. दुसऱ्या महिन्यात त्यांनी विचारलं, “किराण्याहून जास्त झालेल्याला किरकोळ कसं म्हणायचं?” मग जावाला स्वतंत्र पान मिळालं.

सूनबाईंनी आणखी एक गोष्ट केली. गॅरेजचे नियम भिंतीवर लावले. हौसेच्या भरात नेमकं हेच राहून जातं. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि तिला वेल्डिंगची ठिणगी लागली तर टाकीचा बॉम्ब होतो. म्हणून टाकीचं काम घरी नाही. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. ती धूळ फुंकायची नाही, हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून वेगळं टाकायचं. इंजिन सुरू करायचं तर गाडी अंगणात काढायची, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही आणि बंद खोलीत तो माणसाला न कळत गाठतो. क्रोमचं प्लेटिंग तर कारखान्यातच. त्यातली रसायनं विषारी असतात.

सुट्या भागांची शोधाशोध हा एक वेगळाच संसार. नाना पेठेतली दुकानं, रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. एका भाच्याला कोलकात्याच्या मल्लिक बाजारातही पिटाळलं. हेडलाइटवरच्या स्विचला लागणारी खिळ्यासारखी किल्ली मात्र घरातच सापडली, आजींच्या हळदीकुंकवाच्या डब्यात. ती तिथे कधीपासून होती, हे त्यांनी सांगितलं नाही.

मडगार्डावर करवत चालवण्याआधी मुलगा आर.टी.ओ.तल्या एका परिचिताकडे गेला. तिथे त्याचे डोळे उघडले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं आहे. शिवाय केंद्रीय नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की, मोटरसायकलला मागच्या माणसासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो, त्याच्या मागे हा नियम आहे. कागदावरचं ते देखणं चित्र या दोन गोष्टींत बसत नव्हतं.

दुसरी वाट होती ‘व्हिंटेज’ नोंदणीची. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकीला ती मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मान मोठा. पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडायची. आजींना पर्वतीच्या पायथ्याशी सोडायला चालणार नाही. घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी साधी नोंदणीच नवी करून घ्यायची ठरलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. मधल्या काळाचा दंड सूनबाईंनी वहीत लाल शाईने लिहिला.

मग ‘कस्टम’ काय उरलं? बरंच उरलं. चेसिस, इंजिन, मडगार्ड, सगळं मूळचं. मिणमिणत्या सहा व्होल्टऐवजी बारा व्होल्टची वायरिंग. मागची सीट दोन बोटं खाली आणि फोम जाड, आजींच्या कमरेला सोसेल असा. त्यांचा पाय नेमका कुठे पडतो ते खडूने आखून घेतलं आणि पाय ठेवायची पट्टी तेवढी रुंद केली. साडीगार्डची जाळी लोहाराकडून नवी वळवून आणली. टाकी काळी झाली नाही. तिचा जुना तांबूस रंग आजोबांच्या आठवणीवरून तीनदा मिसळावा लागला. विकत घेतलेल्या बुटक्या सीटपेक्षा ही कारागिरी अवघड होती, हे कोणीही मान्य करील.

इंजिनाने मात्र रडवलं. जावाचं इंजिन दोन स्ट्रोकचं, २४९ सी.सी.चं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि ते मिश्रण क्रँकच्या पेटीतून वर जातं. म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. ब्लॉक बोअर करून, नवा पिस्टन घालून गाडी अंगणात सुरू केली, तर आवाज आपोआप चढत गेला. मुलगा कार्बोरेटर पिळत बसला. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी आजोबा खुर्ची घेऊन अंगणात बसले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “बंद कर. पिस्टन धरेल. सील हवा ओढतंय.”

खरोखरच क्रँकचं एक रबरी सील बसवताना दुमडलं होतं. त्या वाटेने जादा हवा आत जात होती, पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडत होतं. आणखी थोडा वेळ गाडी तशीच चालवली असती, तर नवा पिस्टन तापून अडकला असता.

सील बदलल्यावर आजोबांनी मुलाला पहिल्यांदाच किक दाखवली. जावाला गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच. तो आत दाबायचा, वर फिरवायचा आणि मग मारायचा. मुलाने लहानपणी हे शंभर वेळा पाहिलं होतं. करून कधी पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा गाडीला हात लावायची परवानगी नव्हती. दुसऱ्या किकला गाडी लागली आणि अंगणभर निळसर धूर पसरला. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे घाईघाईने काढून नेले.

तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली. इंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक पुस्तकाशी जुळला. दसऱ्याला झेंडूचा हार पडला. आजी हेल्मेट घालून, एका बाजूला पाय सोडून मागे बसल्या आणि सोसायटीला दोन फेऱ्या मारून आल्या. हेल्मेटमध्ये अंबाडा मावत नाही, ही त्यांची एकच तक्रार.

आजोबांची दुसरीच होती. पुढचा ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढते. म्हणजे येत्या रविवारी ड्रम पुन्हा खोलायचा आहे.