गाडी वडिलांच्या नावावर

दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीनचे पैसे हातात आले की परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मोटारसायकलचा विषय निघतो. वडिलांची स्प्लेंडर शेत आणि बाजार करून झिजलेली असते. मुलाला आता बुलेट हवी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि हा हट्ट जरासा आवाक्यात आला. एमएच-२२ ची पाटी लागते, हार चढतो, नारळ फुटतो. कर्जासाठी सातबारा वडिलांचा, उत्पन्नाचा दाखला वडिलांचा; म्हणून आरसी बुकावर नावही वडिलांचंच. चालवणार मात्र मुलगा.

स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास, क्लासिक ३५० बुलेटचं १९५. हा फरक सरळ रस्त्यावर कळत नाही. तो कळतो गाडी मागे ढकलताना, चिखलात वळवताना, ब्रेक दाबताना. हात बसायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ गाडी जशी आली तशीच ठेवणं शहाणपणाचं. पण पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच गाडी गॅरेजात उभी राहते.

काय बदलतं? आधी सायलेन्सर, मग डोळे दिपवणारे पांढरे दिवे. आणि एक पाना घेऊन काढली जाते ती मागच्या चाकाच्या डाव्या अंगाची जाळी, साडी गार्ड. ती दिसायला जुनाट वाटते, हे खरं. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मागच्या माणसासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारं हे आवरण सक्तीचं आहे. परभणीहून गंगाखेडला गोदावरीवर जाताना मागे आई एका अंगाने बसलेली असते, मांडीवर पिशवी, पदर वाऱ्यावर. चाकाच्या आऱ्या आणि तो पदर यांच्यामध्ये ही जाळी सोडून दुसरं काहीही नसतं.

दिव्यांचंही तसंच. उसाच्या हंगामात रात्री पाथरी, गंगाखेडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या चाललेल्या असतात. कित्येकांना मागे दिवाच नसतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारला, तर त्याला त्या ट्रॉल्या दिसणार कशा?

कायदाही इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मालक म्हणजे कोण? वडील.

आता विमा. शोरूममध्ये किमतीच्या बेरजेत तो मिसळून जातो आणि कागद कोणी उघडत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५ रुपये, त्यापुढच्या गाडीला १५,११७. पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख दिसते आणि घरचे निर्धास्त होतात. पण तो विमा आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर. आपल्याच गाडीची मोडतोड किंवा चोरी भरून देणारा भाग बहुतेक पॉलिसींत एकाच वर्षाचा असतो आणि दरवर्षी नव्याने भरावा लागतो. बाहेरून बसवलेल्या वस्तू कंपनीला कळवून, त्यांचा हप्ता भरून पॉलिसीत चढवल्या नसतील तर त्यांचे पैसे मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या भागाची. पॉलिसीत १५ लाखांचं एक अपघात संरक्षण असतं. ते मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तर. मालक वडील आणि चालवणारा मुलगा असेल, तर पॉलिसीच्या अटींनुसार ते १५ लाख मुलासाठी नसतात.

मग थर्ड पार्टी विम्यातून तरी काही मिळेल? तेही अवघडच. इरकली लुगड्यांच्या इलकल गावाहून एक जण दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन गुडूरकडे निघाला होता. पुढची बैलगाडी अचानक थांबली, तो धडकला आणि गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २००९ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो. त्यामुळे चूक कोणाची हे न बघता भरपाई देणाऱ्या कलमाखाली, त्याच गाडीच्या विमा कंपनीकडे त्याचे वारस ‘तिसरा पक्ष’ म्हणून मागणी करू शकत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा लावलं. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे दाद मागता येते. पण रात्री गाडी घसरली, आडवं जनावर आलं, तर दुसरं वाहन असतंच कुठे?

म्हणून शक्य असेल तर गाडी मुलाच्या नावावर घ्या. कर्जामुळे ते जमत नसेल, तर मुलाच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, आणि सायलेन्सरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून आधी तिचा हप्ता भरा.