शेवटची चार सेकंदे

एखाद्या मालाची किंवा सेवेची वार्ता ग्राहकांनीच एकमेकांना सांगावी आणि ऐकणारा प्रत्येक जण पुढचा सांगणारा व्हावा, अशा बेताने केलेल्या प्रसिद्धीला ‘व्हायरल मार्केटिंग’ म्हणतात. हा शब्दप्रयोग १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला, आणि त्याच्या उदाहरणादाखल बहुधा हॉटमेल या ई-मेल सेवेचा दाखला दिला जातो. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी जुलै १९९६मध्ये सुरू केलेल्या या सेवेतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, असे मोफत खाते तुम्हालाही मिळेल, या आशयाची एक ओळ आपोआप जोडली जात असे, त्यामुळे पत्र पाठवणारा माणूस काही न करता त्या सेवेचा प्रचारक होई. अवघ्या दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने ही सेवा विकत घेतली. मात्र या उदाहरणातली ओळ उघड होती आणि ती जाहिरात आहे हे वाचणाऱ्याला कळत होते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

उघडपणाची हीच परंपरा मराठी माणसाला आणखी जवळच्या ठिकाणी सापडते. दादासाहेब फाळके यांनी १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेला नेला, तेव्हा तासन्‌तास चालणाऱ्या नाटकांना सरावलेला प्रेक्षक त्यामानाने छोट्या खेळासाठी पैसे मोजीना, म्हणून त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीच्या चित्राचा खेळ तीन आण्यांत, अशी जाहिरात केली. तीत चमत्कृती होती, पण फसवणूक नव्हती, कारण फितीवरच्या चौकटी खरोखर मोजता येत होत्या आणि ही जाहिरातच आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. याउलट न्यूयॉर्कमध्ये १९२९च्या ईस्टरच्या संचलनात काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती स्त्रीस्वातंत्र्याची घटना म्हणून छापली; ती एका तंबाखू कंपनीसाठी एडवर्ड बर्नेज यांनी जुळवून आणली होती, हे वाचकांना सांगितले गेले नव्हते. बातमीत यावी एवढ्याचसाठी घडवलेल्या अशा प्रसंगाला अमेरिकी इतिहासकार डॅनिएल बूर्स्टिन यांनी पुढे स्वतंत्र संज्ञा दिली. मराठीत त्याला ‘रचलेला प्रसंग’ म्हणता येईल. समाजमाध्यमांवरचा बनाव म्हणजे हा रचलेला प्रसंग आणि हॉटमेलची साखळी यांची सांगड होय.

प्रस्तुत लेखिकेचा या सांगडीशी संबंध अभ्यासकाचा नाही, तर करणाऱ्याचा आहे, आणि म्हणूनच हा अनुभव नोंदवणे तिला आवश्यक वाटते. २०१९च्या आरंभी ती पुण्यातील एका प्रसिद्धीसंस्थेत संहितालेखनाचे काम करीत असताना, ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य तपासणीची योजना विकणाऱ्या एका ग्राहक कंपनीसाठी तिने एक मिनिट पन्नास सेकंदांची चित्रफीत लिहिली. सातारा जिल्ह्यातील एका फाट्यावर, एसटीच्या निवाऱ्यात कापडी पिशवी घेऊन बसलेले एक वृद्ध, ‘मुलगा आत्ता येतो म्हणाला’ असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबतात, एवढाच तिचा विषय होता. काम करणारे गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले आणि कामगार नाट्यस्पर्धांतून भूमिका केलेले होते. चित्रीकरण मुद्दाम मोबाइलवर, उभ्या चौकटीत आणि किंचित हलत्या हाताने करण्यात आले, कारण प्रेक्षकाला ते कुणा वाटसरूने सहज टिपलेले वाटावे, अशी सूचना होती. या शैलीला त्या व्यवसायात ‘रॉ लूक’ म्हणतात. कंपनीचे नाव आणि ‘सर्व पात्रे कल्पित’ ही ओळ शेवटच्या चार सेकंदांत होती.

त्या दिवशी संहितेत नसलेली एक गोष्ट घडली. रानातून परतणारी एक बाई निवाऱ्याशी थांबली, तिने वृद्धाची विचारपूस केली, आपल्याजवळचे पाणी दिले आणि ‘उन्हाचं कशाला बसलाय बाबा, चला घरला, भाकरी खावा’ असे म्हणून त्यांची पिशवी स्वतःच उचलली. मोबाइल दूर एका गाडीच्या आडोशाला होता. नटाने भूमिका न सोडता नकार दिला, बाई दोनदा मागे वळून पाहत निघून गेली, आणि संकलनाच्या वेळी सर्वांनी एकमताने तोच तुकडा फितीच्या मध्यभागी ठेवला, कारण तितके खरे दुसरे काहीच त्या फितीत नव्हते. त्या बाईची परवानगी कुणी घेतली नाही. ते वृद्ध नट आहेत, हे धावत जाऊन तिला सांगावे असेही कुणाला सुचले नाही, लेखिकेलाही नाही. एका परक्या म्हाताऱ्याला तसेच टाकून आल्याची रुखरुख घेऊन ती स्त्री घरी गेली असणार, ही जाणीव लेखिकेला पुष्कळ उशिरा झाली.

फीत प्रसृत करताना जी क्रिया केली जाते तिला ‘सीडिंग’, म्हणजे पेरणी म्हणतात. मोठा अनुयायीवर्ग असलेल्या पानांना आणि व्हॉट्सॲप गटांच्या चालकांना पैसे देऊन मजकूर एकाच दिवशी अनेक ठिकाणी टाकायचा, जेणेकरून पुढे तो लोक आपणहून पसरवत आहेत असे दिसावे, अशी ही पद्धत आहे. पेरणीच्या तिसऱ्या दिवशी फीत कुठवर पोहोचली याचे आकडे संस्थेत टाळ्यांच्या गजरात वाचून दाखवले गेले. दुसऱ्या आठवड्यात तीच फीत लेखिकेच्या स्वतःच्या नातेवाइकांच्या गटावर आली, तेव्हा तिच्यातली शेवटची चार सेकंदे कापलेली होती, आणि खाली मुलाने सोडून दिलेल्या या आजोबांना कुणी ओळखत असल्यास कळवावे, असे आवाहन होते. कापणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मानण्याचे कारण नाही. म्हाताऱ्याला मदत मिळावी, आणि एका कंपनीचे चिन्ह त्याआड येऊ नये, असेच त्याला वाटले असण्याचा संभव आहे.

नटाचा खरा मुलगा त्यांच्या मूळ गावी शेती करीत होता. ओळखणाऱ्यांनी वडिलांना ओळखले, पण ते नट म्हणून नव्हे. मुलाला भावकीत जाब विचारण्यात आला, त्याच्या सासुरवाडीहून फोन आले, आणि आठवडी बाजारात एका अनोळखी माणसाने त्याला सर्वांसमोर सुनावले. वडील पुण्यात धाकट्याकडे सुखरूप आहेत असे तो सांगे, तेव्हा ऐकणारे मोबाइल काढून फीत दाखवत.

असे होऊ शकते हे त्या काळी अज्ञात होते, असे म्हणण्याची सोय लेखिकेला नाही. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती व्हावी म्हणून कराचीत एक प्रसंग रचून चित्रित केला गेला होता. त्यात दुचाकीस्वार मूल उचलून नेतात आणि अखेरीस ते परत आणून सोडतात व इशाऱ्याचा फलक दाखवतात. भारतात २०१८मध्ये ही फीत शेवट कापून फिरली, आणि मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांत तिची भर पडली. अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हे सारे लेखिकेने वर्तमानपत्रांत वाचले होते, त्यावर हळहळही व्यक्त केली होती, आणि सहा-सात महिन्यांनी तिने कबुली शेवटी असलेली संहिता लिहिली. शेवट हा चित्रफितीचा सर्वांत सहज कापला जाणारा भाग असतो, हे तांत्रिक वास्तव आहे, आणि बनावाची कबुली मात्र परिणाम बिघडू नये म्हणून नेमकी तेथेच ठेवली जाते.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने मे २०२१मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी, म्हणजे आपल्या अनुयायांपुढे मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्यांसाठी, जे नियम केले, त्यांनुसार पंधरा सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांहून लहान फितीत ‘जाहिरात’ ही नोंद एकूण लांबीच्या एक तृतीयांश काळ दिसावी लागते. या हिशेबाने त्या फितीत ती सुमारे सदतीस सेकंद दिसली असती, आणि फाट्यावरच्या बाईचा प्रसंगही तिच्याखाली जाऊ शकला असता. नियम चांगला आहे. परंतु तो स्वयंनियमनाचा आहे आणि मोबदल्याचा संबंध असेल तरच लागू पडतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये अभिनेत्री पूनम पांडे यांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू झाल्याचे त्यांच्याच इन्स्टाग्राम खात्यावरून जाहीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी आपण जिवंत असून हे जागृतीसाठी केले, असे त्यांनी स्वतः सांगितले. त्यामागच्या प्रसिद्धीसंस्थेने माफी मागितली, पण त्या रोगाचा शोध इंटरनेटवर विक्रमी प्रमाणात घेतला गेला, याकडेही लक्ष वेधले. भारतात या रोगाने वर्षाला सत्तर हजारांहून अधिक स्त्रिया दगावतात, असा ग्लोबोकॅनचा २०२०चा अंदाज आहे, त्यामुळे विषयाची निकड खरीच होती; परंतु ज्या घरांत ते मरण घडले आहे त्यांना त्या एका दिवसात काय वाटले असेल, हे मोजणारा आकडा कोणत्याही अहवालात नसतो. टाळ्यांच्या गजरात वाचलेले आकडे लेखिकेला त्या दिवशी पुन्हा आठवले.

नटाने भरपाई मागितली नव्हती. ‘ताई, मी तिथं नट होतो, एवढं कुणीतरी लिहून द्या,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते संस्थेच्या शिक्क्याच्या कागदावर हवे होते. ग्राहक कंपनीला फितीचा असा उल्लेख लेखी नको असल्याने संस्थेने नकार दिला. अखेर लेखिकेने साध्या कागदावर, चित्रीकरणाचा दिवस, ठिकाण आणि त्यांना दिलेले मानधन नमूद करून, आपल्या सहीनिशी ते लिहून दिले. त्यांनी त्या कागदाला लॅमिनेशन करून घेतले आणि गावी जाताना ते तो सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले. पुढच्या वर्षी भेट झाली तेव्हा त्याच्या कडा सुटू लागल्या होत्या, आणि त्यांनी नवी प्रत मागितली.