मला सईबद्दल बोलायचं होतं

गेल्या पावसाळ्यात संगमनेरच्या एका वाचक मंडळात दया पवारांच्या ‘बलुतं’ या दलित आत्मकथनावर चर्चा होती. तिथं जे झालं ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

पुस्तकाची ओळख करून द्यायला नको. १९७८ साली ग्रंथालीनं काढलं, गाजलं, त्यावरून वादही झाले. आमच्या घरी त्याचं अप्रूप जास्त, कारण पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे आणि शिकायला संगमनेरला येऊन बोर्डिंगात राहिलेले. माझे वडीलही अकोल्याकडचेच. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून शाळेत असताना मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. येसकरपाळीचा, म्हणजे गावकीच्या कामाबदल्यात घरोघर भाकरी मागायच्या पाळीचा, विषय निघाला की ती मला थांबवायची आणि स्वतः सुरू व्हायची. दारापासून लांब उभं राहून हाळी कशी द्यायची, उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून किती जपायचं, कुणाकडची ताजी बाजरीची तर कुणाकडची कालची कडक भाकरी एकाच फडक्यात कशी यायची. कोरड्यास सगळ्या घरांचं एकाच भांड्यात ओतलेलं. पिठलं, आमटी, भाजी, सगळ्याचा मिळून एकच रंग. पोरांना ते गोड लागायचं, असं ती म्हणायची, आणि मग बराच वेळ मला पुढं वाचू द्यायची नाही.

वडिलांना मात्र हे वाचन खपत नसे. पाहुणे आले की ते पुस्तक धान्याच्या कोठीमागं सारून द्यायचे. ह्या माणसानं आपली लक्तरं चव्हाट्यावर मांडली, असं त्यांचं म्हणणं. तसं म्हणणारे तेव्हा आपल्या समाजातच पुष्कळ होते. मी त्यांच्याशी हुज्जत घालायचे की लक्तरं नेसायला कुणी लावली ते लोकांना कळू दे, हे पुस्तक गावागावांत वाचलं गेलं पाहिजे.

तर ती चर्चा. मी तयारी करून गेले होते. उत्तरार्धात पवारांची पहिली बायको, सई, येते. तिच्यावर संशय घेऊन त्यांनी संसार मोडला, आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्या पानांवर मी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. आयोजकांनी प्रास्ताविक केलं. दाहक, ज्वलंत, विदारक असे शब्द येऊन गेले. एका गृहस्थांना भाषा फार शिवराळ वाटली. मग आयोजक माझ्याकडं वळून म्हणाले, “ताई, आता तुम्ही सांगा. तुमच्याकडे कसं होतं?”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. शेजारच्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली. मी म्हटलं, मला सईबद्दल बोलायचंय. “ते बोलूच हो, पण आधी तुमचा अनुभव येऊ द्या.” मी म्हटलं, मी पोस्टात नोकरी केली, माझा जन्म शहरातला, येसकरपाळी मी आजीच्या तोंडून ऐकली. त्यांचा चेहरा जरा पडला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, आता तसं कुठं काही राहिलं नाही, नाही का हो ताई? म्हणजे ह्या प्रश्नाचं ‘हो’ही मीच द्यायचं होतं. मी गप्प बसले नाही. महारांची वतनं १९५८च्या कायद्यानं गेली, पण भाड्याचं घर बघायला गेल्यावर आडनाव अजून आधी विचारलं जातं, एवढं सुनावलं. मग चहा आला. सईचं नाव शेवटपर्यंत कुणी काढलं नाही.

माझा राग नेमका कशाचा, ते ऐका. त्याच मंडळात आदल्या महिन्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ झाली होती. राहुरी-नगरचे उल्लेख म्हणून आम्हाला ते जवळचं. त्यात सासऱ्यांचा जाच आहे, सोवळंओवळं आहे, नवऱ्यानं धर्म बदलल्यावर झालेली होरपळ आहे. चर्चा लक्ष्मीबाईंच्या विनोदावर झाली, त्यांच्या भाषेवर झाली, त्यांच्या नवऱ्याचं वागणं बरोबर की चूक यावर तर दोन काका हातघाईवर आले. पण मंडळातल्या कुणा बाईंना कुणी विचारलं का, की तुमच्याकडे सोवळं कसं होतं, जरा सांगा? नाही विचारलं. त्या वाचक होत्या. त्यांनी मत द्यायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी साक्षीदार झाले. पुस्तकातला दगडू जणू खुर्चीवर येऊन बसलाय आणि त्याच्या अंगावरचे वळ बघायचेत, असे लोक माझ्याकडं बघत होते. दुःख आमचं आणि समीक्षा त्यांची, ही वाटणी कुणी केली? आत्मकथनात मांडणी असते, काय सांगायचं आणि काय गाळायचं ह्याची निवड असते. दगडू मारुती पवार दया पवारला आपली गोष्ट सांगतो, ही रचना काही आपोआप घडलेली नाही. त्यावर एक वाक्य कुणी बोललं नाही.

मला बोलू दिलं असतं तर मी पवारांशी भांडले असते. गावानं ज्याला माणूस मानलं नाही, त्यानं घरातल्या बाईला कुठला न्याय दिला? तरी त्यांनी लपवलं नाही, म्हणून तर आपल्याला सई माहीत आहे. त्या काळात आपल्या अंगावर एवढं ओढून घेणारे मराठी लेखक फार नव्हते, ह्याचं श्रेय मी त्यांना देते. पण मग वाटतं, कबुलीनं मोठा झाला तो लेखक. सईचं म्हणणं कुठाय? तिनं लिहिलंच नाही.

म्हणून माझं सांगणं आहे, नुसती ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ ही पुरुषांची आत्मकथनं वाचून थांबू नका. १९८६ सालचं बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ घ्या. फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिलं, आणि आमच्याच घरांतला सुनांचा छळ काहीही न झाकता मांडला. शांताबाई कांबळेंचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ घ्या. त्या मास्तरीण होत्या, नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा निघून आल्या. ही पुस्तकं वाचताना मला सई थोडीफार ऐकू येते.

त्या चर्चेनंतर बरेच दिवस वाटत होतं की वडिलांचंच खरं होतं, पुस्तक कोठीमागंच बरं होतं. आजही पूर्ण खोडून काढता येत नाही मला ते. पण भाचीनं परवा ‘बलुतं’ मागितलं तेव्हा दिलं. तिला सई आवडली नाही. फार सोसते म्हणाली. आमचं त्यावरून कडाक्याचं वाजलं. सई सोसत होती की तिला दुसरी वाटच नव्हती, यावर ती अजून हटून आहे, आणि मीही.