लोणारचा गुलाबी आणि कॅमेऱ्यातलं कुलूप

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा ते फोटो तुमच्याही मोबाईलवर येऊन धडकले असतील. कुठे फिकट गुलाबी, कुठे थेट गुलाबाचं सरबत! साहजिकच पहिली शंका: फोटोशॉप केलंय का राव? तर नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि यांचं फावलं.

ठीक. पण त्या सगळ्या फोटोंतला खरा गुलाबी कुठला? इथे आमच्यातला इंजिनिअर जागा होतो.

जेपेग म्हणजे वाढलेलं ताट, तर रॉ फाइल म्हणजे शिधा. रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाचा आकडा असतो. बाकीचे दोन सॉफ्टवेअर आजूबाजूला बघून भरतं. पांढरं कशाला म्हणायचं, हे ठरवणारे दोन-तीन गुणक कॅमेरा फाइलच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवतो. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. हे गुणक वाचता आले नाहीत तर सॉफ्टवेअर अंदाज लावतं. सगळ्यात सोपा अंदाज असा की चित्राची सरासरी करड्या रंगाची असते. आता फ्रेमभर गुलाबी पाणी असेल तर? सॉफ्टवेअर तो गुलाबी 'दोष' समजून साफ करणार. म्हणजे ज्यासाठी फोटो काढला, तेच गायब!

हे नुसतं काल्पनिक नाही. २००५ साली निकॉनने डी२एक्स कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमधले हे गुणक चक्क एन्क्रिप्ट केले. फोटोशॉपच्या मूळ निर्मात्यांपैकी एक असलेल्या थॉमस नॉल यांनी जाहीर तक्रार केली, की कुलूप तोडलं तर अमेरिकेच्या डीएमसीए कायद्याचा बडगा बसू शकतो. निकॉनचं म्हणणं असं, की फॉरमॅट आमचा आहे, विकासकांनी आमचं एसडीके वापरावं. इकडे डेव्ह कॉफिन यांच्या 'डीसीरॉ' या फुकट प्रोग्रॅमने ते कुलूप उघडलंसुद्धा.

फर्मवेअर अपडेटची गंमत याच जातीची. कॅमेरा तोच, मॉडेलचं नाव तेच, पण आतली फाइल बदललेली. २०१५ मध्ये सोनीने ए७आर २ ला अपडेटमधून अनकॉम्प्रेस्ड १४-बिट रॉ दिलं. छायाचित्रकारांची मागणीच होती ती, चांगलंच झालं. पण अशा प्रत्येक बदलानंतर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरला नव्याने अभ्यास करावा लागतो. जुन्या आवृत्तीने फाइल उघडायला नकार दिला तर एक वेळ बरं. निदान कळतं तरी. गुपचूप चुकीचा रंग दाखवला तर मात्र पंचाईत.

लग्नाच्या फोटोत शालू थोडा वेगळा दिसला तर फार बिघडत नाही (शालूवालीला विचारू नका!). पण लोणार २०२० पासून रामसर पाणथळ आहे. आणखी वीस वर्षांनी कुणी पाण्याचे रंग ताडून बघायला बसलं, तर हाताशी याच फाइली असणार.

म्हणून माझे साधे नियम. सहलीच्या आदल्या रात्री अपडेट करायचं नाही. केलंच, तर एक फोटो काढून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघायचा. रॉसोबत जेपेगही ठेवायचं. विवराच्या काठावर एका फ्रेममध्ये ग्रे कार्ड धरायचं, म्हणजे गुणक हरवले तरी पुन्हा काढता येतात. आणि जमेल तिथे डीएनजी वापरायचं. अडोबीने २००४ मध्ये आणलेल्या या फॉरमॅटची माहिती सर्वांसाठी खुली आहे.

बँकेचं पासबुक फक्त बँकेच्याच चष्म्यातून वाचता येईल असं कुणी म्हटलं, तर आपण भांडू. फोटोच्या बाबतीत मात्र आपण 'अपडेट नाऊ' दाबून मोकळे होतो. असो, तुमच्या जुन्या रॉ फाइली शेवटच्या कधी उघडून बघितल्या होत्या? या शनिवारी बघाच.